तीनदा सावकाश

सावकाश काकांना चलान आले. तेही कशाबद्दल, तर पुढच्या गाडीला चिकटून गाडी चालवल्याबद्दल. ज्यांना काका ठाऊक आहेत त्यांनी आधी पोटभर हसून घ्यावे, म्हणजे पुढचे शांतपणे ऐकता येईल. लोक हसणार हे काकांनाही माहीत होते. म्हणून त्यांनी ही गोष्ट अगदी मोजक्या माणसांना सांगितली, आणि जिला पहिल्यांदा सांगायला हवी होती तिला तर मुळीच सांगितली नाही.

काका शाळेच्या मुलांची व्हॅन चालवत. व्हॅन त्यांची स्वतःची. पिवळी, वयाने आतल्या मुलांपेक्षा बरीच थोर, पण अंगावर ओरखडा नाही. काकांचे खरे नाव मुलांच्या आईबापांनाही आठवत नसे. 'सावकाश' हे नाव मुलांनी ठेवले, आणि ते ठेवायला कारण होते. पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवावे याचे काकांचे स्वतःचे एक माप होते. पुढची गाडी रस्त्याकडेच्या एखाद्या खांबावरून गेली की तोंडाने म्हणायला लागायचे: सावकाश, सावकाश, सावकाश. घाईघाईने नाही, शब्दाला शोभेल अशा चालीने. तिसरा 'सावकाश' संपल्यावर आपली गाडी त्या खांबाशी पोचली तर ठीक. त्याआधीच पोचली तर आपण चिकटलो, पाय उचला.

व्हॅनमधली सगळी पोरे हे एका सुरात म्हणत. रोज सकाळी पिवळी व्हॅन 'सावकाश'चा गजर करत शाळेकडे जाई आणि मागचे घाईतले लोक कपाळाला हात लावत. एका आईने तर तक्रारच केली होती की आमचा मुलगा घरात आजोबांच्या मागून चालतानासुद्धा तीनदा सावकाश म्हणतो. काकांना ही तक्रार फार आवडली. त्यांनी ती घरी येऊन काकूला दोनदा सांगितली.

तर अशा माणसाला हे चलान. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असे कुणीही म्हणेल. पण म्हणण्याआधी पुढची गाडी कुणाची होती ते ऐका. पुढची गाडी काकू चालवत होती.

काकू केस पांढरे झाल्यावर गाडी शिकली. तिची थोरली बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. ती पडली, खुब्याचे हाड मोडले आणि अंथरुणाला खिळली. तिला रोज सकाळी अंघोळ घालायची, खाऊ घालायचे, कूस बदलून द्यायची, हे सारे काकूने अंगावर घेतले. बस दोनदा बदलावी लागे आणि दुसरी कधीच वेळेवर येत नसे. ताईची छोटी निळी गाडी मात्र तिच्या घरापुढे धूळ खात उभी होती. एक दिवस ताई पडल्या पडल्या म्हणाली, "गाडी घेऊन जा. मी काही आता गिअर टाकायला उठत नाही." ताईची जीभ खुब्याच्या आधीपासून तिखट होती आणि ती काही मोडली नव्हती.

काकू घरी आली ती गाडीची किल्ली घेऊनच. म्हणाली, "अहो, मला शिकवा."

काकांनी शिकवले. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर, दुपारी, शाळेच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात. आयुष्यात त्यांनी कुणावर आवाज चढवला नव्हता, तो त्या मैदानावर चढला, आणि काकूने आयुष्यात प्रथमच त्यांना 'गप्प बसा' म्हटले. पण ती शिकली. त्यांनी तिला ब्रेक शिकवला, वळण शिकवले आणि सगळ्यात जास्त आरसा शिकवला. "पुढे बघतेस तितकंच मागे बघ," ते म्हणायचे. "पुढचा कसाही असू दे, मागे कोण आहे ते आपल्याला ठाऊक पाहिजे." आणि अर्थातच तीनदा सावकाश शिकवला.

लायसन्स मिळाल्यावर काका पहिले काही दिवस तिच्या शेजारी बसून गेले. बसून म्हणजे कसे, तर दोन्ही हात डॅशबोर्डला टेकून, श्वास रोखून. काकूने ब्रेक लावण्याआधी त्यांचा उजवा पाय खालच्या रबरी चटईवर दाबला जाई. तिकडे ब्रेक नव्हता, नुसती चटई होती. ती त्या जागी झिजली, पातळ झाली आणि शेवटी तिला भोक पडले. त्या दिवशी काकूने गाडी रस्त्याच्या कडेला नीट दिवा दाखवून थांबवली.

"अहो," ती म्हणाली, "ब्रेक तुम्ही दाबता, दचकता तुम्ही, घाम तुम्हाला फुटतो. मग मी काय करते इथे? उद्यापासून माझ्या शेजारी बसायचं नाही."

"बरं."

"बरं नाही. शब्द द्या."

काकांनी शब्द दिला. शब्द शेजारी न बसण्याचा होता, मागून न येण्याचा नव्हता. इतका कायदा काकांनाही कळत होता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा एक नेमच झाला. मुलांना शाळेत सोडायचे आणि रिकामी व्हॅन पेट्रोल पंपाच्या पलीकडे उभी करून वाट बघायची. थोड्या वेळाने छोटी निळी गाडी समोरून जाई, मागच्या काचेत ताईची हिरवी लोकरीची उशी, चाकामागे काकूचा ताठ मानेचा अंबाडा. काका निघत. बाजारपेठेचा रस्ता, सिग्नल, मग पूल, मग ताईची गल्ली. काकू गाडी लावून, दार ओढून पाहून आत गेली की काका व्हॅन वळवत आणि घरी येऊन पेपर उघडून बसत. चोराच्या मनात चांदणे म्हणतात तसे त्यांचे होई. काकू आली की ते पेपरातून मान वर काढत नसत.

काकू मग चहा घेत सगळे सांगे. "आज पुलावर एक ट्रक किती जवळून गेला! पण मी काही हलले नाही."

"हो का?" काका म्हणत. तो ट्रक त्यांनीही मागून पाहिलेला असे.

"एकटीने जाते ना, तर सगळं आपलं आपण बघावं लागतं," काकू म्हणे. आणि हे 'एकटीने' म्हणताना तिचा चेहरा असा काही उजळे की काकांना वाटे, माझे काय व्हायचे ते होवो, हिला हे कधी कळता कामा नये. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिला दागिना म्हणावा असा घडवला नव्हता. हा 'एकटीने' तेवढा तिच्या अंगावर शोभत होता.

एकाच गोष्टीने ते बुचकळ्यात पडले होते. काकू मध्येच, काही कारण नसताना, ब्रेक लावायची. समोर रस्ता मोकळा, आडवे कुणी नाही, आणि निळ्या गाडीचे लाल दिवे लागायचे. विशेषतः पुलावर. सिग्नलला बहुतेक काकू पुढे निघून जाई आणि काका लाल दिव्यावर अडकत. मग हिरवा झाला की ते जरा पाय दाबून तिला गाठायला जात, आणि बघतात तर ही पुलावर बैलगाडीच्या चालीने चाललेली! व्हॅन तिच्या मागच्या काचेपाशी जाऊन पोचे. हिरवी लोकरीची उशी अगदी डोळ्यांसमोर येई. अशाच एका सकाळी पुलावरच्या कॅमेऱ्याने फोटो काढला.

चलान मोबाइलवर आले, खाली फोटो. पिवळ्या व्हॅनचे नाक आणि निळ्या गाडीची पाठ यांच्या मध्ये एखादे पोर आडवे झोपेल एवढीसुद्धा जागा नव्हती. काकांनी फोटो मोठा केला, तर उशीच्या वर अंबाडा दिसत होता.

कुणी दुसरा असता तर गप्प राहिला असता. काका दुसऱ्या दिवशी उठून शाळेच्या मोठ्या बाईंकडे गेले आणि मोबाइल त्यांच्या टेबलावर ठेवला. बाईंनी फोटो पाहिला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"काका, तुम्ही?"

"मीच."

बाईंना बोलायला जड जात होते. शाळेचा नियम सरळ होता: अशा चुकीचा ठपका ज्याच्या लायसन्सवर लागला त्याने मुलांची गाडी चालवायची नाही. ठपका अजून लागला नव्हता, चलान मान्य केले किंवा कोर्टात हरले की लागणार होता. "तोवर बदली माणूस बघते," बाई म्हणाल्या. "चलान रद्द झालं तर त्याच दिवशी परत या. आणि काका, पैसे भरून मोकळे होऊ नका हं. भरणं म्हणजे कबूल करणं."

काका बाहेर आले तेव्हा मधली सुट्टी होती. पोरांनी त्यांना पाहून तारेच्या कुंपणातून तीनदा सावकाश ओरडून घेतले. काकांनी हात केला आणि ते व्हॅनमध्ये जाऊन बसले. त्यांना मूलबाळ नव्हते. हे त्यांनी कधी बोलून दाखवले नव्हते, कारण रोज सकाळी व्हॅन भरली की ते त्यांना खरेच वाटत नसे.

घरी काही कळू द्यायचे नव्हते. म्हणून काका सकाळी नेहमीच्या वेळेला व्हॅन घेऊन निघत, रिकामे फिरत, मुलांच्या गल्ल्या टाळत आणि पंपापलीकडे जाऊन उभे राहत. आता ते अंतर फार ठेवत. तीनदा नाही, दहादा सावकाश. मध्ये दोन-चार गाड्या घुसल्या तरी घुसू देत. पण झाले उलटेच. काका जितके मागे राहत तितकी काकू हळू जाई. पुलावर तिच्यामागे रांग लागे, लोक हॉर्न वाजवत, हातवारे करत. रांगेच्या शेवटी बसून काका ते हॉर्न ऐकत आणि त्यांचा जीव तीळ तीळ तुटे. त्यांना वाटले, ही अजून घाबरतेय. तोंडाने ट्रकच्या गप्पा मारते, पण पाय थरथरतो. आपण हिला नीट शिकवलेच नाही.

कोर्टासमोरच्या गल्लीत एका वकीलबाईची खोली होती. ही वकीलबाई लहानपणी काकांच्याच व्हॅनमधून शाळेत गेलेली. खिडकीची जागा मिळाली नाही तर चपला फेकायची, म्हणून तिला सगळे 'खिडकी' म्हणत. आता तिच्या दारावर पाटी होती, पण काकांना पाहताच ती खुर्चीवरून उठलीच.

"काका! बसा. खिडकीशी बसा."

तिने चलान पाहिले. हसली नाही, याबद्दल काकांना तिचे उपकार वाटले.

"हे बघा," ती म्हणाली, "फोटो म्हणजे एक क्षण. त्या क्षणी तुम्ही जवळ होतात, एवढंच त्यात दिसतं. का होतात ते दिसत नाही. कुणीतरी मध्येच घुसला असेल, पुढच्याने अचानक ब्रेक मारला असेल. म्हणून आधी चलान अमान्य करायचं आणि पूर्ण व्हिडिओ मागायचा. कॅमेरा तपासलेला आहे का, तेही विचारायचं. आणि सगळ्यात भारी म्हणजे साक्ष. पुढच्या गाडीचा चालक सापडला आणि त्याने सांगितलं की हो, मीच ब्रेक मारला, तर अर्धं काम झालं. पण तो कुठे सापडायचा? पुढे निघून गेलेली माणसं कोण शोधणार?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा.

व्हिडिओ आला तेव्हा खिडकीने तो काकांना दाखवला. पडद्यावर पूल, सकाळचे ऊन, निळी गाडी. पुढे रस्ता अगदी मोकळा. आणि निळ्या गाडीचे लाल दिवे लागले, विझले, पुन्हा लागले. मग पिवळी व्हॅन मागून आली आणि जाऊन चिकटली. खिडकीने टेबलावर हात आपटला.

"जिंकलो! काका, बघा, ही मुद्दाम करतेय. असली माणसं असतात, मागच्याला त्रास द्यायला ब्रेक मारणारी. हिच्यावरच तक्रार ठोकू. लायसन्स तरी जाईल, नाहीतर पुन्हा परीक्षा द्यायला लावतील."

"नको," काका म्हणाले.

"नको काय? धोका तिने केला."

"अगं, ती काकू आहे."

खिडकीने व्हिडिओ थांबवला. काकांनी मग सगळे सांगितले. चटईचे भोक, दिलेला शब्द, पेट्रोल पंप, 'एकटीने'. सांगताना ते चलानाच्या छापून आणलेल्या कागदाची कड सारखी दुमडत होते. खिडकी आधी हसली, मग तिचे हसू विरले आणि तिने उगाच टेबलावरचे पेन जागच्या जागी सरळ केले.

"काका, तिचं नाव न घेता हे लढता येणार नाही."

"मग लढायचं नाही. मान्य करून टाकू."

"व्हॅन जाईल तुमची. मुलं जातील."

"मुलांना दुसरा कुणी नेईल," काका म्हणाले. "नेतोच आहे. पण हिच्या हातातून गाडी गेली ना, तर ही पुन्हा बसच्या थांब्यावर उभी राहील. आणि कशामुळे, तर मी मागून आलो म्हणून. ते नको. आणि हे तिच्या कानावर जाता कामा नये. तुला माझी शपथ."

धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी खिडकीची अवस्था झाली. ती म्हणाली, "बरं. मी कुणाला सांगणार नाही. पण मान्य करायचं ते सुनावणीच्या दिवशी कोर्टासमोर करा. तोवर काही लिहून देऊ नका." काकांना यात काही खोच दिसली नाही. लहानपणी तिने कितीदा चपला फेकल्या होत्या ते आठवले असते, तर दिसली असती.

सुनावणीच्या दिवशी काका बसने कोर्टात गेले. व्हॅन घेऊन जायची त्यांना लाज वाटली. खोली लहान होती, बाकावर दहाबारा माणसे आणि प्रत्येकाच्या हातात आपापले चलान. न्यायाधीशांना सर्दी झाली होती. ते नाक पुसत एकेकाला विचारत होते, मान्य की अमान्य. बहुतेक जण पुटपुटत मान्य म्हणत आणि सुटल्यासारखे बाहेर जात. काकांनी मनाशी तो शब्द घोळवून ठेवला होता. व्हॅन नेमकी कुणाला विकायची एवढेच ठरवायचे राहिले होते, आणि खिडकीजवळच्या जागेवरचे शाईचे डाग नवा मालक पुसून टाकेल का, असले काहीतरी त्यांच्या डोक्यात चालले होते.

त्यांचे नाव पुकारले. काका उभे राहिले.

"मान्य की अमान्य?"

काकांनी तोंड उघडले, तेवढ्यात दाराशी गडबड झाली. शिपाई कुणाला तरी अडवत होता. "बाई, आत चालू आहे. तुम्ही कोण?"

"मी पुढची गाडी," काकू म्हणाली.

तिच्या एका हातात घडी घातलेली नोटीस होती आणि दुसऱ्या हातात किल्ली. काका परत बाकावर बसले. त्यांनी खिडकीकडे पाहिले. ती फायलीत डोके घालून म्हणाली, "मी कुणाला काही सांगितलं नाही, काका. व्हिडिओत पुढच्या गाडीचा नंबर दिसला की तिच्या मालकाला कोर्ट आपणहून बोलावतं. हे तुम्हाला सांगायचं तेवढं राहून गेलं."

गाडीची मालकीण ताई. नोटीस ताईच्या घरी गेली होती, आणि ताईने ती काकूकडून मोठ्याने वाचून घेतली होती. मग ताई म्हणाली होती, "जा. माझी अंघोळ एक दिवस राहिली तर मी वितळत नाही."

न्यायाधीशांनी व्हिडिओ लावायला सांगितला. खोलीतल्या सगळ्यांनी पाहिला. लाल दिवे लागले, विझले, पुन्हा लागले.

"ही गाडी तुम्ही चालवत होतात?"

"हो साहेब."

"समोर काहीच नाही. ब्रेक का लावला?"

काकांना राहवले नाही. ते उठून म्हणाले, "साहेब, ती नवीन आहे. घाबरते. चूक माझी आहे, मीच नीट शिकवलं नाही."

"मी घाबरत नाही," काकू म्हणाली. ती न्यायाधीशांशीच बोलत होती, काकांकडे बघत नव्हती. "साहेब, हे रोज माझ्या मागून येतात. पहिल्या दिवसापासून. यांना वाटतं मला माहीत नाही."

बाकावर कुणीतरी खुदकन हसले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आरशात. यांनीच शिकवलंय, पुढे बघतेस तितकंच मागे बघ. एवढी पिवळी व्हॅन, न दिसायला मी काय आंधळी आहे?" तिने किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "त्या पुलाआधी सिग्नल आहे. मी सुटते, हे अडकतात. मग मी दिसले नाही की यांचा जीव वरखाली होतो, पाय दाबतात, भरधाव येतात. या वयात. म्हणून मी पुलावर खांब गेला की सावकाश म्हणायला लागते. तीनदा म्हणते, सहादा म्हणते. तेवढ्यात आरशात हे आले नाहीत तर ब्रेकवर पाय ठेवते. म्हणजे यांना घाई करावी लागत नाही."

काका तोंडात मारल्यासारखे उभे होते. ते मागे राहत म्हणून ती थांबायची, ती थांबायची म्हणून ते चिकटत, आणि दोघे एकमेकांना सांभाळता सांभाळता कॅमेऱ्यात सापडले. अंतराचे माप त्यांनीच तिच्या हाती दिले होते. तिने ते उलटे, मागच्या दिशेने लावले होते.

न्यायाधीशांनी रुमाल खाली ठेवला. "बाई, इतका त्रास होत होता तर सरळ सांगायचं ना, मागून येऊ नका म्हणून."

"त्रास कुणी म्हटलं?" काकू म्हणाली. "सांगितलं असतं तर हे यायचे थांबले असते."

काकांना समोरचे नीट दिसेना. त्यांनी चष्मा पुसला, पण दोष चष्म्याचा नव्हता. रोज घरी येऊन चहा घेत ती ट्रकची गोष्ट सांगायची ती मागून सगळे पाहणाऱ्यालाच, आणि हे तिला ठाऊक होते, हे त्यांना आत्ता कळले.

न्यायाधीशांनी मान खाली घालून लिहिले, आणि मग बोलले. "पुढचा काहीही करो, अंतर मागच्याने राखायचं. हे तुम्ही मुलांना शिकवता, असं तुमच्या वकीलबाईंनी इथे लिहिलंय. बरोबर?"

"बरोबर साहेब."

"पण कारण नसताना ब्रेक लावल्याचं पुढच्या चालकाने स्वतः सांगितलंय आणि व्हिडिओत ते दिसतंय. चलान रद्द. दोघांना ताकीद. काका, तुम्ही अंतर ठेवा. आणि बाई, यांची वाट बघायची असेल तर गाडी कडेला घेऊन बघत जा. पुलाच्या मध्यावर नाही."

"बरं साहेब," दोघे एकदमच म्हणाले.

बाहेर पायऱ्यांवर खिडकीने काकांच्या पाया पडण्याऐवजी त्यांच्या पाठीत एक धपका घातला आणि दुसऱ्या खटल्याला पळाली. काकांनी मोठ्या बाईंना फोन लावला. बाई फक्त एवढेच म्हणाल्या, "उद्या सकाळी. आणि काका, पोरांनी बदली माणसाला रडकुंडीला आणलंय."

निळी गाडी समोरच्या झाडाखाली उभी होती. दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या अगदी मधोमध लावलेली. काका ते बघून घेऊन मग बसथांब्याकडे वळले.

"कुठे चाललात?" काकू म्हणाली. "बसा."

"मी शब्द दिलाय."

"आजच्या दिवस तो मी परत दिला. ताईकडे जायचंय, ती बिनअंघोळीची पडलीय."

काका शेजारी बसले. चटईला भोक तसेच होते. त्यांचा उजवा पाय आपोआप त्यावर जाऊन थांबला. काकूने ते पाहिले.

"दाबा, दाबा. आज दाबायची मुभा आहे."

पण काकांनी पाय दाबला नाही. बाजारपेठ गेली, एक टेम्पो आडवा आला, काकूने त्याला वाट दिली. काकांनी हात मांडीवर ठेवले आणि ती गाडी कशी चालवते ते पहिल्यांदाच बघितले. ती छान चालवत होती. सिग्नलला हिरवा मिळाला आणि गाडी पुलावर चढली. ऊन पाण्यावर पडले होते, समोरचा रस्ता रिकामा होता. एक खांब मागे गेला आणि काकूचे ओठ नुसतेच हलू लागले. तिने आरशात पाहिले. मागे पिवळी व्हॅन नव्हती. तिने पुन्हा पाहिले, कपाळाला आठी पडली, आणि सवयीने तिचा पाय ब्रेकवर गेला.

"अगं," काका हळूच म्हणाले, "मी इथे आहे."

काकूने ब्रेकवरचा पाय उचलला.